काम गेलं, पैसा आटला, दारू मात्र सुटेना: मंदी आणि व्यसन याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनी माणसांच्या कुटुंबांसाठी मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करते आहे. त्याआधी अशाच एका घरातली मुलगी होते. कंपनीत कपात झाली, शेतमालाचा भाव पडला, बांधकामं थांबली की मला येणाऱ्या फोनांची संख्या वाढते आणि प्रश्न साधारण तेच असतात. विचारणारी बहुधा बायको असते, कधी आई, कधी कॉलेजात जाणारा मुलगा. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते तुम्ही लवकर डॉक्टरांकडे जावं म्हणून लिहिलं आहे.

## मंदी आली की लोक जास्त पितात, की पैसे नसतात म्हणून कमी?

दोन्ही घडतं, आणि एकाच गल्लीत एकाच वेळी घडतं. म्हणून या प्रश्नावर अर्थतज्ज्ञसुद्धा बरीच वर्षं भांडले.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी २००० च्या आसपास दाखवून दिलं की बेकारी वाढते तेव्हा दारूचा एकूण खप कमी होतो आणि रस्त्यावरच्या अपघातांत मरणारेही घटतात. कारण साधं आहे. खिसा हलका झाला की शनिवारी हॉटेलात बसणारा माणूस घरी बसतो. पण २००८-०९ च्या मोठ्या मंदीनंतर तिथल्याच सर्वेक्षणांत वेगळं चित्र दिसलं. अजिबात न पिणारे थोडे वाढले आणि त्याच वेळी वारंवार, एका बैठकीत भरपूर पिणारेही वाढले. मधली माणसं दोन टोकांना सरकली.

युरोपातल्या २६ देशांच्या १९७० ते २००७ या काळातल्या नोंदी तपासून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बेकारी जेव्हा तीन टक्क्यांहून जास्त वाढली, तेव्हा ६५ वर्षांखालच्या लोकांत दारूच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी वाढलेले दिसले. रस्ते अपघातांतले मृत्यू मात्र याही अभ्यासात कमी झाले होते.

म्हणजे 'यंदा राज्यात दारूचा खप घटला' अशी बातमी वाचून हायसं वाटून घेऊ नका. जो कधीमधी घेत होता त्याने कमी केली, एवढंच त्यातून कळतं. ज्याचं पिणं आधीच हाताबाहेर गेलं होतं तो त्या आकड्यात दिसत नाही, आणि आपल्याकडे हातभट्टीची तर विक्रीच कुठे नोंदली जात नाही.

## हाताशी पैसाच नाही, मग पिणं वाढतं कसं?

हा प्रश्न मी लहानपणी आईला विचारायचे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माझे बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. संपाआधी ते पीत नव्हते असं मी म्हणणार नाही. पगाराच्या दिवशी चार सोबत्यांबरोबर बसायचे, घरी येऊन गुपचूप झोपायचे. बाकी महिनाभर कामाची पाळी त्यांना सांभाळत होती. सकाळी सातला साच्यावर उभं राहायचं असेल तर आदल्या रात्री किती घ्यायची याला आपोआप लगाम बसतो.

संपात तो लगाम गेला. पहिले काही महिने सभा होत्या, मोर्चे होते, आशा होती. बरेचजण गावी शेताला निघून गेले. जे राहिले त्यांच्यापुढे सकाळपासून रात्रीपर्यंत आख्खा दिवस पसरलेला असे. भोंगा वाजायचा थांबला तसा त्या माणसांचा दिवसच सुटा झाला. दहा बाय बाराच्या खोलीत आई पापड लाटायची आणि बाबांना तिथे बसायची लाज वाटायची, म्हणून ते नाक्यावर जाऊन उभे राहायचे. नाक्यावर कोणी ना कोणी कॉन्ट्री काढायचंच. आज याचे दोन रुपये, उद्या त्याचे. हातभट्टीवाला उधारीवर द्यायचा. तीन वर्षांत घरातला तांब्याचा बंब गेला, मग पितळेची भांडी एकेक करून गेली. पैसा नसताना माणूस पितो तो असा.

अभ्यासकांनी याची जी कारणं सांगितली आहेत ती मला आमच्या चाळीत सगळी सापडतात. मनावरचा ताण. रिकामा वेळ. कमावता माणूस म्हणून असलेला मान जाणं. यातलं शेवटचं मला सगळ्यात जड वाटतं. बाबा गिरणीत कामाला होते म्हणून गावच्या जत्रेत त्यांना पुढे बसवायचे. संपानंतर त्यांनी गावी जाणंच सोडलं.

## धोका सगळ्यांना सारखाच असतो का?

नाही. जो आधीपासून पितो, त्यातही जो ताण घालवायला पितो, त्याला सगळ्यात जास्त. पुरुषांना बायकांपेक्षा जास्त, कारण आपल्याकडे पिणाऱ्यांत पुरुषच कितीतरी अधिक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी आणि बायकांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी जणींनी दारू पितो असं सांगितलं. गोव्यात पुरुषांचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आहे.

नोकरी जायच्या आधीचा काळही वाईट असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कपातीची यादी येणार येणार म्हणून सहा महिने टांगून ठेवलेला माणूस कित्येकदा काम गेलेल्यापेक्षा जास्त पितो. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत असलेला एक मुलगा बेंचवर होता, म्हणजे नोकरी होती पण हाताला काम नव्हतं. त्याची आई मला म्हणाली, "बेंचवर होता तेव्हा रोज प्यायचा. काढून टाकल्यावर चार दिवस शांत झोपला." तो अर्थात पुढे पुन्हा सुरू झाला, पण तिचं निरीक्षण खरं होतं. कर्जाचे हप्ते चालू असतील, घरच्यांपासून नोकरी गेल्याचं लपवलेलं असेल, सकाळी डबा घेऊन बाहेर पडून दिवसभर बागेत बसत असेल, तर त्या माणसाकडे लवकर लक्ष द्या.

बायका पितात तेव्हा त्या घरात, एकट्या आणि लपवून पितात. त्यामुळे घरच्यांना फार उशिरा कळतं आणि कळल्यावर उपचारापेक्षा बदनामीची चर्चा जास्त होते. ताईंनो, हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणी असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीही आहे.

## पैसे संपले की दारू आपोआप सुटेल ना? 'एक पैसा द्यायचा नाही' असं आम्ही ठरवलं आहे.

हे उत्तर कृपा करून पूर्ण वाचा.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूला सरावलेला असतो. दारू मेंदूला सतत मंद करत असते आणि मेंदू तिच्या विरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवत असतो. एका दिवसात दारू काढून घेतली की तो जोर तसाच उरतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांनी काहीजणांना भ्रम सुरू होतो. नसलेलं दिसतं, ऐकू येतं, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो.

आमच्या घरी एका दिवाळीत हे झालं. उधारी बंद झाली होती, आईने खरंच एक पैसा दिला नव्हता आणि आम्ही मुलं खूश होतो की बाबा दोन दिवस घरात आहेत. तिसऱ्या रात्री ते अंथरुणात उठून बसले आणि हवेत हात मारायला लागले. आम्हाला काही कळेना. मग शेजारचे काका, तेही गिरणीतलेच, हळूच म्हणाले, "अगं, धोटा पकडतोय तो." बाबा साच्यावर होते. त्यांच्या डोळ्यांपुढे साचा चालू होता आणि सुटलेला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, ते पकडू पाहत होते. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की या भ्रमात माणूस आयुष्यभर केलेलं काम हातांनी करत राहतो, हे त्यांनी कितीदा पाहिलं आहे. त्या रात्री मात्र कोणी म्हणालं बाहेरचं आहे, देवऋष्याला आणा. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि टॅक्सी करून महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. बाबा वाचले ते त्यांच्यामुळे.

हेच २०२० मध्ये देशभर झालं. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि दारूची दुकानं रातोरात बंद झाली. केरळमध्ये त्या पहिल्या आठवड्यात आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. बंगळूरच्या रुग्णालयांत फिट आणि भ्रमाचे रुग्ण एकदम वाढल्याची नोंद डॉक्टरांनी केली. विरोध करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं. या अवस्थेवर परिणामकारक औषधं आहेत, ती सरकारी दवाखान्यात मिळतात आणि दारू हे त्यातलं औषध नाही. पण ती औषधं त्या माणसांपर्यंत पोचवणारी यंत्रणा त्या आठवड्यात कुठे होती, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा पैसे थांबवायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. जो सकाळी उठल्याउठल्या पितो, ज्याचे हात घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे, त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. डॉक्टर पाच-सात दिवस गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात. बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारू घेतलेल्या शरीरात ते उरलेलं नसतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. फिट किंवा भ्रम सुरू झाला असेल तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

## 'आधी इंग्लिश प्यायचे, आता देशीवर आलेत.' याने काय फरक पडतो?

मंदीत पिणारा माणूस एकेक पायरी उतरतो. ही पायरी सरकारच्या दरपत्रकातच दिसते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने किमती वाढवल्या, तेव्हा १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत देशीला ८० रुपये ठरली आणि भारतात बनणाऱ्या विदेशी दारूला २०५ रुपये. ज्याचा पगार थांबला आहे तो कुठे वळणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. आणि ८० रुपयेही जड झाले की खाली हातभट्टी आहेच.

देशीपर्यंत निदान आत काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं असतं. त्याखाली भरवसा संपतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. मरणाऱ्यांत बहुतेकदा हातावर पोट असलेलीच माणसं असतात.

मिथेनॉल पोटात गेल्यावर पहिले काही तास साध्या नशेसारखंच वाटतं, म्हणून फसगत होते. बारा ते चोवीस तासांनी डोळ्यांपुढे पांढरं, धुक्यासारखं दिसायला लागतं, पोटात दुखतं, उलट्या होतात, धाप लागते. ही लक्षणं दिसली तर 'उतरेल थोड्या वेळाने' म्हणून झोपवू नका. मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायला हे लाज न बाळगता सांगा. वेळेत डायलिसिस झालं तर जीव आणि डोळे दोन्ही वाचू शकतात. बरोबर प्यायलेल्या इतरांनाही उठवून न्या, त्यांना काही होत नसलं तरी.

## किती प्यायलं म्हणजे 'जास्त' म्हणायचं?

डॉक्टर दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्काला एक माप धरतात. व्हिस्की-रमचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण एक माप. म्हणजे एक क्वार्टर सहा मापं झाली. 'मी रोज फक्त क्वार्टर घेतो' यातलं 'फक्त' किती मोठं आहे ते यावरून कळेल.

पण मापापेक्षा मी इतर गोष्टी विचारते. ठरवल्यापेक्षा जास्त होते का? सकाळी लागते का? घेतली नाही तर हात कापतात का? आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का? मंदीच्या काळात आणखी एक विचारते: मुलाखतीच्या आदल्या दिवशीसुद्धा थांबता आलं नाही, असं झालं का? याचं उत्तर 'हो' आलं की माणूस बहुधा स्वतःच गप्प होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. कुठल्याही मानसोपचार विभागात ती करून मिळते, पाच मिनिटं लागतात.

## जेवणात न सांगता मिसळायचं औषध मिळतं म्हणे. देऊ का?

नका देऊ.

भिंतींवर, लोकलच्या डब्यात अशा जाहिराती असतात आणि काम गेल्यावर हताश झालेल्या घरांत त्या खपतात. त्या पुड्यांत काय असतं कोणी सांगत नाही. पुष्कळदा डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते घेतलेल्या माणसाने वर दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीव जातो. हेच औषध डॉक्टर देतात, पण माणसाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. शिवाय एकदा त्याला कळलं की बायकोने जेवणात काहीतरी घातलं, की तो तुमच्या हातचं जेवणार नाही आणि ज्या एका माणसावर त्याचा भरवसा होता तोही गेला, असं त्याला वाटेल.

## घरात पैसे कसे सांभाळायचे? त्यांची उधारी आम्ही फेडायची का?

आधी पोटाचं आणि छपराचं. रेशन, घरभाडं, शाळेची फी, वीजबिल यांचे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड आणि पिन त्यांच्याकडे नाही अशा खात्यात ठेवा. कंपनीकडून एकरकमी हिशोब मिळणार असेल, ग्रॅच्युइटी, फंड वगैरे, तर ती रक्कम यायच्या आधी बोलून मुदत ठेवीत घाला. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट घसरणी अशी मोठी रक्कम हातात पडल्यावर झालेल्या आहेत.

गुत्त्याची, नाक्यावरची उधारी तुम्ही फेडू नका. फेडली की पुढची उधारी मिळायला वाट मोकळी होते. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपांची वसुली करणारे शिवीगाळ करत असतील, फोटो पसरवायची धमकी देत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. लाजेने गप्प राहून दुसरं कर्ज काढू नका.

त्यांच्यासाठी खोटं बोलणंही हळूहळू बंद करा. 'यांना बरं नाही' असा फोन नव्या मालकाला तुम्ही केलात की त्या दिवसाचा परिणाम त्यांना कधी भोगावाच लागत नाही. हे लिहिणं सोपं आहे. घरात एकच मिळवता हात असताना तो फोन न करणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. आईने तो कित्येकदा केला.

मारहाण होत असेल तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवा. काम गेलं म्हणून, प्यायला म्हणून, मारणं माफ होत नाही. १८१ वर फोन करा, पोलिसांसाठी ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तुम्हाला त्याच घरात राहायचा हक्क देतो.

## उपचार परवडत नाहीत. काय करायचं?

दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. पैसा हे त्याचं एक कारण. पण बरेचजण 'परवडणार नाही' असं गृहीत धरून चौकशीच करत नाहीत.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं. त्या वेळी कारण गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनाचं होतं, पण पुढे दारूसाठी हजारो माणसं तिथून उपचार घेऊन बाहेर पडली. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे जवळचं केंद्र सांगतात.

भरती करून घेणारं खासगी केंद्र निवडताना दोन गोष्टी पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, आणि डॉक्टर खरोखर येतात का. जिथे कुटुंबाला महिनाभर भेटू देत नाहीत, जिथे मारून-बांधून ठेवतात, जिथे रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेण्याची 'सोय' आहे, तिथे पैसे भरू नका.

आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांच्या आपसातल्या सभा. फी नाही, नोंदणी नाही. बाबा तिथेच सावरले, महापालिकेच्या शाळेच्या एका वर्गात, मुलांच्या बाकांवर बसून. या चळवळीचा जन्मच मंदीतला आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस, १९२९ च्या पडझडीत बुडालेला. १९३५ मध्ये तो एका व्यवहारासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला, व्यवहार फसला, खिशात फारसं काही नव्हतं आणि हॉटेलच्या बारमधून आवाज येत होते. त्याने बारकडे जाण्याऐवजी गावातल्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली, दारूशी झगडणारा आणखी कोणी भेटेल का म्हणून. त्यातून डॉ. बॉब भेटले, या चळवळीचे दुसरे संस्थापक. एका बुडालेल्या माणसाला त्या संध्याकाळी जे कळलं त्यावर आजही सगळ्या सभा चालतात: आपल्यासारख्याच दुसऱ्याशी बोललं की आजचा दिवस निभावतो. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. नवरा जात नसेल तरी तुम्ही जा.

तज्ज्ञच हवा असंही नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायला लावलं. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर असं समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के. हा फरक प्रत्येक आरोग्य केंद्रात पडला तर किती घरं सुटतील! आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला कळतं, पण अशा कामासाठी वेगळी माणसं पगार देऊन नेमायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

## मंदी असताना सरकार दारू बंद का करत नाही?

कारण मंदीत सरकारलाही पैसा हवा असतो. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली त्यामागे महामंदीत आटलेला महसूल हे मोठं कारण होतं. आपल्याकडे ४ मे २०२० ला, टाळेबंदी चालू असतानाच दुकानं उघडली, कारण राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. दिल्लीने तर दुसऱ्याच दिवशी ७० टक्के जादा कर लावला. मुंबईत गर्दी आवरेना म्हणून दोन दिवसांत दुकानं परत बंद करावी लागली.

बंदी हा उपाय आहे का, यावर आपल्याकडे वाद आहेत. वर्धा, गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. मी त्यात पडत नाही. पण एक उदाहरण विसरता येत नाही. रशियात १९९१ नंतर अर्थव्यवस्था कोसळली आणि व्होडका मात्र पगाराच्या मानाने स्वस्त झाली. १९९० ला पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ च्या आसपास होतं, चार वर्षांत ते ५८ च्या खाली गेलं. सगळं दारूने झालं नाही, पण दारूचा वाटा फार मोठा होता. बेकारी आणि स्वस्त दारू एकत्र आली की काय होतं ते तिथे दिसलं. आणि त्या युरोपच्या अभ्यासात असंही दिसलं होतं की ज्या देशांनी बेकारांना पुन्हा कामाला लावण्यावर खर्च केला, तिथे बेकारीबरोबर आत्महत्या तेवढ्या वाढल्या नाहीत.

## 'माझ्यामुळे तुम्ही सगळे अडकलात, मी नसतो तर बरं' असं ते पिऊन म्हणतात. मनावर घ्यायचं का?

घ्यायचं. पिऊन बोलला म्हणून सोडून देऊ नका. काम जाणं, कर्ज आणि दारू ही तिन्ही एकत्र आली की धोका खरा असतो आणि नशेत माणूस विचार न करता करून बसतो. त्यांना सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

## आता नवी नोकरी लागली आहे. सुटलो ना आम्ही?

तुमच्या घरात आनंद असेल आणि तो साजरा करा, गोडाचं करा. पण पहिल्या पगाराच्या दिवसाची तयारी आत्ताच करून ठेवा.

बाबांना संपानंतर सहा वर्षांनी वॉचमनची नोकरी लागली. तोवर त्यांना न पिता चौदा महिने झाले होते. आम्हाला वाटत होतं की काम गेलं म्हणून ते बिघडलं, काम आलं की संपलं. पहिल्या पगाराला ते रात्री अकरापर्यंत आले नाहीत. आले तेव्हा खिशात पाकीट नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सभेला गेले आणि तिथल्या एका जुन्या माणसाने त्यांना सांगितलं की पगाराच्या दिवशी मी तुझ्या गेटवर येईन. तो पुढचे अकरा महिने, दर महिन्याला आला. दोघं चालत घरी यायचे, नाक्याचा रस्ता टाळून, शाळेच्या मागून. आई दोघांना चहा द्यायची. बारावा महिना आला तेव्हा त्याला यायला जमलं नाही. बाबा एकटेच आले, शाळेच्या मागूनच, आणि पाकीट आईच्या हातात देऊन चपला काढायला बाहेर वाकले.